असाच दुसरा द्या

लहानपणी पप्पा मला हार्डवेअरच्या दुकानात पाठवायचे ते जुना बोल्ट वर्तमानपत्राच्या कपट्यात गुंडाळून. "साइज-बिज काय सांगू नको. हा दाखव आन् म्हण, असाच दुसरा द्या." दुकानदार बोल्ट हातात घ्यायचा, अंगठ्याने आटे चाचपायचा, मागच्या फळीवरच्या डब्यात न बघता हात घालायचा आणि तसाच दुसरा काढून द्यायचा. मिरज-पंढरपूर रस्त्यावरचं आमचं ट्रक-टेम्पोचं गॅरेज पंचवीस वर्षं ह्या वाक्यावर चाललं आणि चांगलं चाललं. आज माझ्याकडे विमान दुरुस्तीचं डीजीसीएचं बी१.१ लायसन्स आहे, आणि कामावर मी हे वाक्य बोलले तर ते लायसन्स धोक्यात येईल. मधली सहा वर्षं कशी गेली ते लिहायला बसले आहे.

बारावीला पीसीएमला अडुसष्ट टक्के. सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज मिळण्याइतके नाहीत, आणि खाजगी कॉलेजची चार वर्षांची फी परवडण्याइतके पैसे नाहीत. मामेभावाने कुठूनतरी एक माहितीपत्रक आणलं. त्यावर पांढऱ्या ओव्हरऑलमधली हसरी मुलगी, मागे विमान आणि खाली मोठ्या अक्षरांत 'शंभर टक्के प्लेसमेंट'. आजीने गावभर सांगितलं की पोरगी हवाईसुंदरी होणार. शेजारच्या काकूंना वाटलं मी विमान चालवणार. नक्की काय शिकायचं ते एकट्या पप्पांना कळलं. माहितीपत्रक उलटंपालटं करून ते म्हणाले, "गॅरेजच हाय की. गिऱ्हाईक वरनं येतंय एवढंच." पतपेढीचं कर्ज काढलं आणि मी एव्हिएशन कॉलेजात दाखल झाले. कॉलेजचं नाव लिहीत नाही. त्याच्यासारखी आणखीही आहेत.

माहितीपत्रकात नव्हतं ते आधी सांगते, कारण अजूनही दर जूनमध्ये कुणाची तरी आई फोन करून विचारते. एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर ही पदवी नाही, लायसन्स आहे. कॉलेज तुम्हाला शिकवतं, कोर्स पूर्ण झाल्याचं सर्टिफिकेट देतं. लायसन्स देतं डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. त्यासाठी त्यांच्या परीक्षेत एकेक मॉड्यूल, म्हणजे एकेक विषय, पास व्हावं लागतं. माझ्या बी१.१ला, म्हणजे टर्बाइन इंजिनाच्या विमानांच्या मेकॅनिकल बाजूला, अशी बरीच मॉड्यूलं. प्रत्येकात पंच्याहत्तर टक्के. चौऱ्याहत्तर म्हणजे नापास, तिथे ग्रेस बीस काही नसतं. मान्यताप्राप्त कॉलेजचा कोर्स २४०० तासांचा, आणि तो करूनही पुढे दोन वर्षं चालू विमानांवर प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव हवा. ही दोन वर्षं कुठे करायची ते तुमचं तुम्ही बघायचं. 'प्लेसमेंट'चा अर्थ मला तिसऱ्या वर्षी समजला: कॉलेजने माझा बायोडाटा चार ठिकाणी ईमेल केला होता. त्यातला एक पत्ता बंद पडलेला होता.

तर, वर्कशॉपचा पहिला दिवस. आम्ही बत्तीस जण, त्यात मुली चौघी. अंगठी, घड्याळ, बांगड्या, गळ्यातलं सगळं काढून लॉकरमध्ये. आमचे सर हवाई दलातून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे, पण वर्कशॉपमध्ये हिंदीच बोलायचे. मराठी फक्त चिडल्यावर. आता विमान दाखवतील, इंजिन उघडतील असं वाटत होतं. त्यांनी प्रत्येकाच्या हातात एक लोखंडी पट्टी दिली. तिच्यावर डोक्याला आरपार भोक असलेले दोन बोल्ट आणि शेजारी तारेचं वेटोळं. "लॉकवायर. आज भी यही, कल भी यही."

बोल्ट आवळला म्हणजे काम संपलं असं गॅरेजमध्ये असतं. विमानात थरथर इतकी असते की आवळलेलं सैल होतं हे गृहीतच धरलेलं. म्हणून बोल्ट तारेने एकमेकांना बांधायचे. ०.०३२ इंच जाडीची स्टेनलेस स्टीलची तार पहिल्या बोल्टच्या भोकातून ओवायची, दोन्ही पदर एकमेकांभोवती पिळत दुसऱ्या बोल्टपर्यंत न्यायचे, एक पदर त्याच्या भोकातून काढून पुन्हा पिळायचे आणि उरलेलं शेपूट आत वळवायचं, म्हणजे नंतर हात घालणाऱ्याला ओरखडा येणार नाही. इंचाला सहा ते आठ पीळ. कमी पडले तर तार ढिली, जास्त झाले तर तार कडक होऊन तुटणार. ह्यासाठी खास पक्कड मिळते, मुठीत धरून ओढली की आपोआप पीळ पडतो. ती कपाटात होती. सरांनी महिनाभर कपाट उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी माझं एक काम फार सुबक उतरलं. पीळ सारखे, शेपूट वळवलेलं, मोजून सात. बोटांच्या टोकांना चिरा पडल्या होत्या, पण मी खुशीत सरांकडे पट्टी नेली. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं, कटर घेतला आणि मधोमध कापलं. "दिसायला छान आहे. गळ्यात घाल." मराठीत बोलले म्हणजे चूक मोठी होती. तार मी उलट बाजूने नेली होती. बोल्ट सैल व्हायला लागला तर तारेने त्याला आवळण्याच्या दिशेने ओढायला हवं. माझी तार त्याला सैल व्हायलाच मदत करत होती. दिसायला एकदम बरोबर आणि कामाला एकदम चुकीचं, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. आजही हँगरमध्ये, म्हणजे विमानांच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये, लॉकवायर तपासताना मी पीळ मोजायच्या आधी दिशा बघते.

दुसरा धडा टॉर्कचा, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचा. सरांनी सगळ्यांना पाव इंची बोल्ट आणि साधा पाना दिला आणि म्हणाले, अंदाजाने आवळा, जेवढा हवा तेवढा. मग टॉर्क रेंचने एकेकाचा मोजला. त्या बोल्टला हवा होता ५० ते ७० इंच-पाउंड. मुंबईच्या मुलांचे तीस-पस्तीस. माझा एकशे दहा. वर्गात हशा पिकला. सरांनी विचारलं, "घर में क्या काम है?" मी म्हटलं, गॅरेज. त्यांनी माझा बोल्ट काढून कचऱ्याच्या डब्यात टाकला. एकदा जास्त ताणला गेलेला बोल्ट परत वापरायचा नाही. वरून चांगला दिसला तरी आतून तो लांबलेला असतो.

दिवाळीला घरी गेले तेव्हा पप्पा ट्रकच्या चाकाचे नट आवळत होते. चावीत पाइप घालून, त्याच्यावर पाय देऊन. मी विचारलं, कळतं कसं किती झालं ते? "हात सांगतोय." पाय देत होते, पण म्हणाले हातच. मी त्यांना इंच-पाउंड समजावलं, रेंचला कॅलिब्रेशनची, म्हणजे माप बरोबर आहे ना ते तपासल्याची, तारीख असते ते सांगितलं, रेंचला जोड लावला तर आकडा बदलतो त्याचं गणित करून दाखवलं. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजी नट किती आवळायचा ते पुस्तकात बघायचं?" हो. "आन् पुस्तक कुणी लिवलंय?" विमान बनवणाऱ्यांनी. "मग बराबर हाय. ट्रकवाल्यांनी मला कधी पुस्तक दिलंच न्हाई."

कॉलेजच्या शेडमध्ये एक न उडणारं सेस्ना १५२ होतं. खरं तर त्याचं पिस्टन इंजिन बी१.१च्या अभ्यासक्रमात येतच नाही, आमचं सगळं टर्बाइन. पण उघडायला मिळणारं जे होतं ते हेच. दर बॅचने त्याची तीच पॅनलं काढून तीच लावलेली, त्यामुळे स्क्रूंच्या डोक्याच्या खाचा पार गुळगुळीत झालेल्या. शेजारी एक जेट इंजिन, आतलं दिसावं म्हणून उभं कापलेलं. कॉम्प्रेसरची पाती बोटाने फिरवली की किणकिण वाजायची. ह्या दोन मेलेल्या यंत्रांवर दोन वर्षं काढली. तक्रार करायची तर पुष्कळ आहे: तीस मुलांत चार टॉर्क रेंच, त्यातला एक कॅलिब्रेशनची मुदत संपलेला, मॅन्युअलच्या झेरॉक्सची झेरॉक्स. पण सरांसारखा माणूस होता म्हणून निभावलं.

शीट मेटलला रिव्हेट मारायला शिकलो तेव्हा मी जरा शेखी मिरवली. आमच्या गॅरेजशेजारी टेम्पोच्या बॉड्या बांधणारे होते, तिथे लहानपणी मी भरपूर रिव्हेट बघितलेले. इथे रिव्हेटच्या डोक्यावर बारीक खळगा असतो, तो बघून त्याचा मिश्रधातू ओळखायचा. कडेपासून निदान दोन व्यासांचं अंतर. मारल्यावर मागचं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच झालं पाहिजे. एक जण पुढून रिव्हेट गन धरतो, दुसरा मागून लोखंडी ठोकळा; दोघांचा मेळ नसला की पत्र्यावर चंद्रकोरीसारखा वण उठतो. माझी जोडीदार नगरची होती. आम्ही दोघी दिवसभर एकमेकींवर ओरडायचो आणि संध्याकाळी मेसमध्ये एका ताटात जेवायचो.

एका दुपारी कुणीतरी म्हणालं, सर, दोन ओळींऐवजी एकाच ओळीत रिव्हेट मारले तर काय होतं? सरांनी गन बंद करायला लावली. १९७८ साली जपान एअरलाइन्सच्या बोइंग ७४७ची शेपटी उतरताना धावपट्टीला घासली होती. मागच्या दाब-भिंतीची, म्हणजे केबिनमधला हवेचा दाब शेपटीकडून अडवणाऱ्या भिंतीची, दुरुस्ती झाली. जोडपट्टी एक अखंड हवी होती, ती दोन तुकड्यांत कापून बसवली, आणि त्यामुळे जिथे रिव्हेटच्या दोन ओळींनी ताण घ्यायचा तिथे एकाच ओळीवर तो आला. बाहेरून काही कळत नव्हतं. विमान सात वर्षं उडालं. १२ ऑगस्ट १९८५ला ती भिंत फाटली, हायड्रॉलिक नळ्या तुटल्या, शेपटीचा भाग गेला, विमान डोंगरावर आदळलं. ५२४ जणांपैकी ५२० मेले. सर एवढंच सांगून गप्प राहिले आणि मग म्हणाले, "चलो, गन चालू करो." त्या दिवशी मी तीन रिव्हेट स्वतःहून ड्रिल करून काढले आणि परत मारले.

आता टूल क्रिबचा किस्सा. टूल क्रिब म्हणजे हत्यारांची खोली. प्रत्येकाला आपल्या नंबरची पितळी टोकनं. एक हत्यार घेतलं की एक टोकन तिथल्या खिळ्याला अडकवायचं. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराची काळी आकृती रंगवलेली, त्यामुळे नसलेलं हत्यार लगेच डोळ्यांत भरतं. दुसऱ्या सत्रात एका संध्याकाळी एका पान्याची आकृती रिकामी आणि खिळ्यावर टोकनही नाही. सरांनी दार लावलं. सेस्नाची सगळी पॅनलं पुन्हा उघडायला लावली. सात वाजले, आठ वाजले, मेस बंद झाली. ते विमान उडत नाही, उडणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. साडेआठला एका मुलाने रडत रडत खिशातून पाना काढला. चुकून खिशात राहिला होता. दुपारीच लक्षात आलं होतं, पण कॉलेजने दंड लावला तर, ह्या भीतीने बोलला नाही. दंड होताच, पाचशे रुपये, नोटीस बोर्डवर लावलेला. त्या रात्री सर ऑफिसात जाऊन बरंच भांडल्याचं आम्ही ऐकलं. दुसऱ्या दिवशी नोटीस नव्हती. आठवड्याने परत आली.

हे सगळं नंतर मॉड्यूल ९मध्ये पुस्तकी भाषेत भेटलं. विषय ह्यूमन फॅक्टर्स, माणूस चुका का करतो. कॅनडाच्या गॉर्डन ड्युपाँटने काढलेली बारा कारणांची एक यादी आहे, 'डर्टी डझन': थकवा, ताण, दडपण, गाफीलपणा अशी. मुलं ती परीक्षेपुरती घोकतात. मीही घोकत होते, तोवर त्यात एक प्रकरण आलं.

१० जून १९९०. ब्रिटिश एअरवेजचं बीएसी वन-इलेव्हन बर्मिंगहॅमहून निघालं. हवेत चढत असतानाच कॅप्टनच्या समोरची काच निखळून गेली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. कर्मचाऱ्यांनी त्याला पायांना धरून ठेवलं, सहवैमानिकाने साउदॅम्प्टनला विमान उतरवलं. कॅप्टनसकट सगळे वाचले. काच आदल्या दिवशीच्या पहाटे बदललेली होती. तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट व्यासाला ०.०२६ इंचाने, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोड्या जास्तीने बारीक होते. उरलेले सहा लांबीला कमी. बदलणारा माणूस अनुभवी, कामाला चोख. रात्रपाळीत माणसं कमी म्हणून त्याने काम स्वतःवर घेतलं. पार्ट्सच्या पुस्तकात नंबर न बघता जुना बोल्ट हातात घेऊन तो स्टोअरला गेला आणि अंधूक उजेडात नमुन्याला नमुना लावून बोल्ट निवडले.

मी वही बंद केली. असाच दुसरा द्या.

रात्री पप्पांना फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल, किंवा म्हणतील ट्रकचं वेगळं. ते थोडा वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, "जुना बोल्ट तरी बराबर होता का?" मी पुन्हा पुस्तक काढून बघितलं. नव्हता. काढलेले जुने बोल्टसुद्धा चुकीचे होते, हव्या त्यापेक्षा आखूड. आधी कधीतरी कुणीतरी बसवले होते आणि ते चार वर्षं टिकले होते. वर्गात तीस जणांपैकी हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी विचारला, कारण पंचवीस वर्षांत त्यांना असे किती नमुने भेटले असतील.

परीक्षांचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. मी मराठी माध्यमाची. एरोडायनॅमिक्ससारखे विषय सुटले. सर्वात मोठं मॉड्यूल ११, विमानाच्या सगळ्या यंत्रणांचं, ते पहिल्याच फटक्यात निघालं, माझं मलाच आश्चर्य वाटलं. अडकले मॉड्यूल १०मध्ये, कायद्यात. एकदा बहात्तर, एकदा सत्तर. तिथे 'शॅल' म्हटलं की करायलाच पाहिजे आणि 'मे' म्हटलं की केलं तरी चालेल. आपल्याकडे दोन्हींना 'करावे' म्हणून भागतं. मॅन्युअलमध्येही तसंच: 'वॉर्निंग' म्हणजे माणसाला इजा होईल, 'कॉशन' म्हणजे यंत्राला. मी दोन्हींचा अर्थ 'सावधान' असा पाठ केला होता. तिसऱ्या वेळी एका मैत्रिणीने सुचवलं की वाक्यं मराठीत करू नकोस, जशीच्या तशी चित्रासारखी लक्षात ठेव. चौऱ्याऐंशी मिळाले.

मग दोन वर्षांच्या अनुभवासाठी दारोदार. मुंबईत दोन ठिकाणी मुलाखती झाल्या, एका ठिकाणी ट्रेनिंगसाठी उलट पैसे मागितले. अकरा महिने घरी होते. गॅरेजचा हिशोब लिहायचे, पप्पांच्या पान्यांसाठी भिंतीवर एक फळी करून त्यावर आकृत्या रंगवल्या. पहिले दोन दिवस ते हसले. नंतर पोऱ्याला ओरडायला लागले की बारा-तेराचा पाना जाग्यावर का नाही. शेवटी नागपूरला मिहानमधल्या एका हँगरमध्ये ट्रेनी म्हणून घेतलं. पगार म्हणायला स्टायपेंड. खोलीभाडं आणि डबा भागला की संपायचा.

हँगरमध्ये पहिल्यांदा पाय टाकला तेव्हा एअरबसचं ए३२० विमान 'सी चेक'ला उभं होतं. ठरावीक काळाने होणारी ही मोठी तपासणी. विमान जॅकवर उचललेलं, सीट काढलेल्या, जमिनीची पॅनलं उघडी, पोटातल्या वायरी बाहेर. कॉलेजच्या सेस्नाला दोन वर्षं विमान समजणारी मी तिथे पाच मिनिटं नुसती उभी राहिले. मग कुणीतरी हातात फडका दिला. पहिले तीन महिने पुसणं, टॉर्च धरणं, पॅनल काढून त्याचे स्क्रू पिशवीत घालून त्यावर टॅग लावणं. कंटाळवाणं वाटतं, पण तो टॅग चुकला तर दहा दिवसांनी पॅनल लावणाऱ्याचे हाल होतात. हे मला एका उंच शीख सीनिअरने एकही शब्द न वापरता, फक्त नजरेने शिकवलं.

अंगाने बारीक असल्याचा पहिला फायदा फ्युएल टँकमध्ये झाला. पंखातच इंधनाची टाकी असते; आत शिरायचं दार जेमतेम खांदे जातील एवढं. आधी टाकी रिकामी करून तासन्‌तास हवा खेळवतात, गॅस मीटरने तपासतात, मग सुती ओव्हरऑल घालून, ठिणगी न उडणारा टॉर्च घेऊन आडवं सरकायचं. बाहेर एक माणूस फक्त तुमच्यावर लक्ष ठेवायला बसवलेला. तो दर दोन मिनिटांनी हाक मारतो आणि तुम्ही ओ द्यायची. मी ओ द्यायचे ती "हां भैया" अशी. आतून आवाज घुमून काहीतरी भलतंच ऐकू जायचं म्हणे. घरी हे काम मी आईला सांगितलेलं नाही, अजूनही.

प्रत्येक काम वर्क डायरीत लिहायचं: तारीख, विमान, काय केलं, मॅन्युअलचा कोणता संदर्भ. खाली लायसन्सधारक इंजिनिअरची सही. माझे इंजिनिअर सही करायच्या आधी विचारायचे, "हे तू केलंस की बघितलंस?" बघितलं असेल तर तसं लिहायचं. एकदा मी एका फटीची मापं 'तपासली' असं लिहिलं. ती खरं तर सीनिअरने तपासली होती, मी फीलर गेज धरला होता. त्यांनी ती ओळ एका रेघेने खोडायला लावली, आतलं वाचता येईल अशी, आणि शेजारी माझी सही घेतली. ती डायरी अजून माझ्याकडे आहे, त्या रेघेसकट.

आणि आता ती रात्र. दुसरं वर्ष, नाइट शिफ्ट, पहाटेचे तीन. डाव्या पंखाच्या मागच्या कडेला, फ्लॅपच्या, म्हणजे उतरताना खाली झुकणाऱ्या पंखाच्या भागाच्या, यंत्रणेजवळ मी एक ब्रॅकेट परत बसवत होते. सहाला विमान हँगरबाहेर काढायचं होतं. चार वॉशर मोजून घेतले होते. तीन लागले. चौथा ग्लोव्हच्या टोकाला होता आणि पुढच्या क्षणी नव्हता. टिक असा एक बारीक आवाज आला, बस. पप्पा ज्याला वायसर म्हणतात ती चीज. नखाएवढी.

सुटा वॉशर पंखात राहिला तर काय होईल? बहुतेक काही नाही. कुठेतरी कोपऱ्यात पडून राहील. किंवा एखाद्या दिवशी हलत्या सांध्यात जाऊन अडकेल. स्टोअरमधून पाचवा वॉशर आणायला तीन मिनिटं लागली असती आणि कुणालाही कळलं नसतं. हे सगळं मी स्टँडवर उभी राहून विचारात घेतलं हे कबूल करते. किती वेळ ते माहीत नाही. मग खाली उतरले आणि इंजिनिअरांना सांगितलं, "सर, वॉशर पडला. आत."

त्यांनी घड्याळ बघितलं. "कुठे उभी होतीस ते दाखव." मग एक नॉन-रूटीन कार्ड उघडलं, म्हणजे हा वॉशर आता कागदावर आला आणि तो सापडल्याशिवाय किंवा आत नाही असं सिद्ध झाल्याशिवाय कार्ड बंद होणार नाही. आधी माझे खिसे, ओव्हरऑलच्या बाह्यांच्या घड्या, स्टँडची जाळी, खालची जमीन. झाडू मारून कचरा ट्रेमध्ये चाळला. मग शेजारची दोन पॅनलं उघडली. चुंबकाचा उपयोग नव्हता, वॉशर ॲल्युमिनियमचा. शेवटी बोरस्कोप आणला, लवचीक नळीच्या टोकाला कॅमेरा असतो तो, आणि मी स्क्रीनकडे बघत बसले. सीलंटचे ओघळ, रिव्हेटांच्या रांगा, धूळ. पाच वाजून गेल्यावर एका रिबच्या, म्हणजे पंखाच्या आतल्या फासळीच्या, बुडाला, सीलंटच्या कडेला टेकून, उभा राहिलेला एक चकचकीत गोल दिसला. लांब चिमट्याने काढायला आणखी वीस मिनिटं. त्या शीख सीनिअरने तो माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, "गिन ले." मी मोजले. चार.

विमान साडेआठला बाहेर गेलं. इंजिनिअरांनी कार्ड बंद केलं, सही केली आणि मला म्हणाले, चहा पिऊन ये, मग डायरी लिही. डायरीत मी वॉशर पडल्याचंही लिहिलं. त्यांनी वाचलं, काही बोलले नाहीत, खाली सही केली.

खोलीवर जाताना पप्पांना फोन लावला. ते गॅरेज उघडत होते, शटरचा आवाज ऐकू आला. सगळं सांगितलं.

"किती येळ थांबलं इमान?"

"अडीच तास."

"एका वायसरसाठी?"

"हो."

"आन् तुला कोण काय बोललं न्हाई?"

"नाही. चहा पिऊन ये म्हणाले."

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग कुणाला तरी म्हणाले, "आरं, ती कालची गाडी सोडू नको अजून. थांब जरा, मी बगतो एकदा." आणि फोन तसाच चालू ठेवून ते गेले.